मामंजी

आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात आजी आपल्या सासऱ्यांना 'मामंजी' म्हणायची. ते तिचे मामा नव्हते, लांबचेही नव्हते. तिचे माहेर कोकणात. आमच्या घरातल्या कुणाला तिने लग्नाआधी पाहिलेसुद्धा नव्हते. सकाळी दूध घालायला मुळशीकडच्या एक मावशी यायच्या, त्या आपल्या सासूला 'आत्याबाई' म्हणायच्या. दोघी ओसरीवर टेकून घरच्या गोष्टी काढत आणि हे दोन शब्द त्या बोलण्यात सारखे येत-जात. मला त्यात कधी नवल वाटले नाही. पाटा-वरवंट्याकडे कोण निरखून बघतो?

अशाच शब्दांवरून जगभरच्या विद्वानांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला, हे मला पन्नाशीत कळले.

न्यूयॉर्क राज्यात ल्युइस हेन्री मॉर्गन नावाचा वकील होता. शेजारच्या इरोक्वा लोकांत मावशीलाही आईच म्हणतात, हे ऐकून त्याच्या मनाने जे घेतले ते सुटेना. त्याने जगभर छापील प्रश्नावल्या धाडल्या. १८७१ साली त्याचा ग्रंथ निघाला. त्याच्या कोष्टकांत तमिळ आहे, तशी मराठीही आहे. त्याचे म्हणणे असे, की नात्याचे शब्द हे जुन्या विवाहरीतींचे अवशेष. रीत जाते, शब्द मागे राहतो. १९०९ साली अमेरिकेतच मानववंशशास्त्रज्ञ क्रोबर यांनी विरोध केला: शब्द ही भाषेची गोष्ट, त्यातून समाजाचा इतिहास काढू नका. १९१४ साली केंब्रिजच्या रिव्हर्स यांनी क्रोबरना उत्तर दिले. निलगिरीवर जाऊन तोडा लोकांच्या वंशावळी घराघरातून उतरवून घेतलेला हा माणूस. त्यांच्याकडे मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये शिकले आणि मुंबईत घुर्यांच्या हाताखाली इरावती कर्वे. मॉर्गनचा प्रश्न असा हातोहात पुण्याला पोचला.

इरावतीबाई ब्रह्मदेशात जन्मल्या आणि लहानपणीच आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर, लक्ष्मी रस्त्यावरच्या हुजूरपागेत शिकायला आल्या. पुढे बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे त्यांनी माणसांच्या कवट्या मोजल्या. फिशर वंशावंशांत उच्चनीच मानणारे. कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध लागत नाही, असे बाईंच्या मापांतून निघाले आणि तसेच त्यांनी गुरूंपुढे मांडले. परक्या देशात, पंचविशीच्या आत. १९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजात होत्या. फूटपट्टी त्यांनी पुढेही टाकली नाही, महाराष्ट्रातही माणसे मोजली. पण माझ्या लेखी त्यांचे मोठे काम कानांनी झाले. भारतातल्या नातेसंबंधांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली आला, तो प्रांतोप्रांतीचे आई, आत्या, दीर, नणंद ऐकून आणि जुन्या ग्रंथांतून वेचून झालेला आहे.

त्यात आमची ओसरी आहे. उत्तरेत मामाच्या मुलीशी लग्न निषिद्ध, दक्षिणेत ते पसंतीचे, आणि महाराष्ट्र या दोन्हींच्या मध्ये. मुलगा मामाची मुलगी करतो तेव्हा त्या मुलीची आत्याच तिची सासू होते, आणि आत्याचा नवरा, म्हणजे मामा, सासरा. दूधवाल्या मावशींच्या तोंडी 'आत्याबाई' सरळ होते, त्यांच्या समाजात अशी लग्ने होतात. पण आम्ही कोकणस्थ. आमच्यात मामाची मुलगी करत नाहीत. मग मामंजी कुठून आले? मॉर्गन म्हणाला असता, कधीतरी करत होता, विसरलात. मला ते पटत नाही. मला वाटते, शेजारधर्माने हा शब्द आमच्या घरात आला असावा. सासऱ्याला हाक मारायला आदराचे आणि थोड्या मायेचे नाव हवे होते. ते जिथे होते तिथून आमच्या बायकांनी उचलले.

जातींविषयीही बाईंनी गुरूपेक्षा वेगळे म्हटले. घुर्यांच्या मते एक मोठी जात फुटत फुटत पोटजाती झाल्या. बाई कुंभारांकडे गेल्या. एका कुंभाराचे चाक भरभर फिरणारे, दुसऱ्याचे संथ. कसब वेगळे, सोयरीक नाही. एकच जात फुटली असती तर असे का व्हावे? मुळात वेगवेगळे गट होते, धंद्याचे नाव एक म्हणून ते एका नावाखाली आले, असे त्यांनी मांडले. हिंदू समाज त्यांना ठिगळांच्या गोधडीसारखा दिसला. मला हे पटते, कारण यात चाकाजवळ बसून पाहिलेले आहे.

त्या काळात मानववंशशास्त्रात मालिनोव्हस्कीच्या पद्धतीचा दबदबा होता. तो ट्रोब्रिअंड बेटांवर तंबू ठोकून राहिला, परक्यांत मिसळला, परत गेला. बाई स्वतःच्या माणसांबरोबर पंढरीला चालत निघाल्या. 'वाटचाल' या लेखात त्यांनी लिहिले आहे, की त्यांच्याच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा एका सुरात अभंग म्हणत, पण चुली वेगळ्या, पंगती वेगळ्या. त्याचे त्यांना रोज वाईट वाटे. तटस्थ राहण्याचा दंडक त्यांनी इथे मोडला आणि बरे केले. जे दुखले ते लिहिले, म्हणून ते निरीक्षण आजही खरे वाटते. पंढरीची वाट चालणाऱ्या लोकांचा मुलूख तो महाराष्ट्र, ही त्यांची व्याख्याही त्याच चालण्यातली.

दर ज्येष्ठ वद्यात पालख्या लकडी पुलावरून अलका चौकात येतात आणि लक्ष्मी रस्त्याला लागतात. मी लहानपणापासून आमच्या पेठेच्या या टोकाला उभा राहून पाया पडत आलो. चुलींविषयी मी कुणा वारकऱ्याला कधी विचारले नव्हते. गेल्या वर्षी भवानी पेठेपर्यंत बरोबर चाललो आणि विचारले. उत्तरे सगळी एकसारखी नव्हती. ती मी वहीत लिहून ठेवली आहेत.

आजीला मात्र विचारायचे राहिले. तुमच्या घरात सासूसासऱ्यांना वेगळ्या नात्याने हाक मारणारे कुणी म्हातारे माणूस असेल, तर आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा, तो शब्द आणि त्यांचे गाव कागदावर लिहून घ्या.