पिशवीची परीक्षा

मुलांनो, पावसाळ्यात गड चढायला निघताना तुम्ही आधी काय बघता? बूट, हो ना? मग रेनकोट, मग डब्यात काय दिलंय ते! मीही तसंच केलं होतं. पिशव्यांकडे मी लक्षच दिलं नव्हतं, आणि त्याची जी फजिती झाली ती आज तुम्हाला सांगणार आहे. आमच्या आईला मात्र ही गोष्ट अजून माहीत नाही.

2012 चा ऑगस्ट. डी.एड. होऊन मला नुकतीच नोकरी लागली होती. पहिल्या पगारातून मी एक स्लीपिंग बॅग घेतली. ती तिच्याच एका गुळगुळीत नायलॉनच्या पिशवीत कोंबलेली होती. तोंडाला नाडी, ओढली की बंद. दुकानदाराला मी विचारलं, "वॉटरप्रूफ आहे ना?" तो "हो" म्हणाला. पण आम्ही पडलो मास्तर! मी पेलाभर पाणी मागवून पिशवीवर ओतून पाहिलं. अळवाच्या पानावरून ओघळावं तसं पाणी ओघळून गेलं. झालं, मी खूश!

नाशिकहून आम्ही नऊजण निघालो. माझा धाकटा भाऊ तेव्हा तेरा वर्षांचा होता. "नीट सांभाळ गं त्याला," असं आईने मला चारदा बजावलं होतं. घोटी, भंडारदरा करत रतनवाडीला पोचलो. अमृतेश्वराचं जुनं सुंदर देऊळ पाहिलं आणि रतनगडाची वाट धरली. प्रवरा नदी उगम पावते तोच हा डोंगर. इथला पाऊस म्हणजे आपल्या नाशिकचा पाऊस नव्हे, बरं का! इथे तो आडवा येतो, खालून येतो, मानेतून शिरतो आणि पायातून निघतो. रतनवाडीचे एक वाटाडे मामा सोबत होते. त्यांच्या डोक्यावर खताच्या गोणीची खोळ आणि काखेत एक गाठोडं. आम्ही मात्र रंगीत रेनकोटांत.

लोखंडी शिड्या चढून गुहेत पोचेपर्यंत अंधारून आलं. भाऊ थरथरत होता. म्हटलं, स्लीपिंग बॅगमध्ये शिरला की होईल बरा. पिशवी उघडली, तर आतून पाण्याची धारच लागली! स्लीपिंग बॅग अशी पिळून निघत होती, जशी दिवाळीआधी धुतलेली गोधडी.

म्हणजे दुकानातली माझी परीक्षाच चुकली होती. मी तपासलं होतं कापड. कापड शेवटपर्यंत पासच होतं! पण पिशवी शिवलेली होती आणि सुई जिथे जिथे गेली तिथे तिथे भोक होतं. नाडीने आवळलेलं तोंडही कधी पूर्ण मिटत नाही, मध्ये बोट जाईल एवढी जागा राहतेच. त्यात मी ती सॅकच्या बाहेर, खाली बांधलेली. चार तास पावसाने तिला अंघोळ घातली होती.

बरं, निदान कोरडे कपडे तरी? ते एका पातळ कॅरीबॅगमध्ये होते आणि तिला मी चांगली करकचून निरगाठ मारली होती. गारठलेल्या बोटांनी ती सुटेना. शेवटी दातांनी फाडली. आत कंगव्याच्या टोकाने आधीच भोक पाडून ठेवलं होतं. सदरा अर्धा ओला.

तेवढ्यात भाऊ काहीतरी बोलला. पण शब्द जड येत होते, पेंगुळल्यासारखे. तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. हवा तशी फार थंड नव्हती, अठरा-वीस अंश असेल. पण पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने पळवतं, आणि वर वारा. ओला माणूस अशा साध्या गारव्यातही धोक्यात येऊ शकतो. जीभ जड होणं ही त्याचीच खूण. कुडकुडणं थांबलं आणि माणूस आणखी सुस्तावला, तर ते बरं वाटत असल्याचं लक्षण नव्हे. तेव्हा तर जास्तच घाबरायचं.

मामांनी गाठोडं पुढे ओढलं. खताच्या गोणीच्या आत जाड प्लॅस्टिकची पिशवी असते ना, ती त्यांनी धुऊन घेतली होती. तिचं तोंड पिळून दोरीसारखं केलेलं, मग ते मागे दुमडलेलं आणि वरून सुतळीची सुरगाठ. एक हिसका दिला, सुटली! आत घोंगडी, टॉवेल आणि काडेपेटी. सगळं कोरडं ठणठणीत. त्यांनी भावाचे ओले कपडे काढायला लावले, अंग टिपून घेतलं, घोंगडीत गुंडाळलं. काड्या कोरड्या होत्या म्हणून चूल पेटली आणि भरपूर गूळ घातलेला चहा झाला. अर्ध्या-पाऊण तासाने आमचे बंधुराज स्पष्ट शब्दांत म्हणाले, "ताई, आईला सांगू नकोस हं." मला रडूच आलं.

पुढे मी खरी ड्राय बॅग पाहिली तेव्हा मला मामांचं गाठोडंच आठवलं. तिचं तोंडही असंच दुमडायचं असतं. पाण्याला आत शिरायला वळणावळणाची लांब वाट करून ठेवायची, एवढीच युक्ती! तोंड सपाट धरायचं, आतली हवा दाबून काढायची, निदान तीन घड्या घालायच्या आणि मग दोन्ही टोकं वळवून बकल लावायचं. एकच घडी घातली तर महाग पिशवीसुद्धा गळते. पिशवी गच्च भरली तर घडीला तोंडच उरत नाही, म्हणून पाव पिशवी रिकामी राहील अशी मोठी घ्यावी. आणि शिवण बघायची. ती उष्णतेने चिकटवलेली असावी, किंवा शिवलेली असली तर आतून पट्टी लावलेली.

लेबलवर '70 डेनियर' असं काही लिहिलेलं असतं. 9,000 मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितका तो डेनियर. नाशिकरोड स्टेशनपासून सीबीएसपर्यंत धागा ताणला तर साधारण तेवढा होईल! आकडा मोठा तर धागा जाड, पिशवी दणकट, पण वजनही जास्त. पाणी मात्र धागा अडवत नाही, त्यावरचा लेप अडवतो.

सगळंच सामान ड्राय बॅगमध्ये घालू नका, खिशाला परवडणार नाही. भांडी, दोर, चपला भिजल्या तर भिजू द्या. नाडीवाली साधी पिशवी त्यांना पुरते. अंथरूण, रात्रीचे कपडे आणि काडेपेटी-औषधं-टॉर्च यांचे मात्र लाड करायचे. तिन्हींना तीन रंगांच्या पिशव्या, म्हणजे अंधारात सगळं उचकावं लागत नाही. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची एक मोठी पिशवी अस्तरासारखी घाला. वरून घालतात त्या टोपडीवर विसंबू नका. पाठीकडून पाणी येतंच आणि वाऱ्याने टोपडी उडते ती वेगळीच. पातळ कॅरीबॅगवर तर महाराष्ट्रात 2018 पासून बंदीच आहे. कंगव्याने फाटणारी ती पिशवी गेली याचं मला तरी दुःख नाही. आणि हो, खताच्या पिशवीत खाण्याची वस्तू ठेवायची नाही, कितीही धुतली तरी.

आता मी पेलाभर पाण्यावर विश्वास ठेवत नाही. चौथीच्या वर्गात आम्ही बादली ठेवतो. पिशवीत वर्तमानपत्राचा कागद घालायचा, तोंड बंद करायचं आणि पाच मिनिटं पाण्याखाली दाबून धरायचं. कागद ओला तर पिशवी नापास. गेल्या जूनमध्ये मुलांनी डबे, दप्तरं, रेनकोटाच्या पिशव्या, सगळ्यांची परीक्षा घेतली. एका मुलीने विचारलं, "बाई, हवा राहिली तर पिशवी खाली जातच नाही, मग ती परीक्षेला बसलीच नाही ना?" त्यावर तासभर तरंगणं-बुडणं चाललं.

शेवटी माझ्या ड्राय बॅगची पाळी आली. कागद चिंब! आतला लेप जुना होऊन चिकट झाला होता, पोपडे निघत होते. ओलसरच गुंडाळून माळ्यावर टाकली होती ना मी. वर्गाने टाळ्या पिटून बाईंना नापास केलं.

नवीन घ्यायची आहे. भाऊ म्हणतो, या वेळी मी निवडतो. हा अंक आई वाचेलच, तेव्हा घोंगडीची गोष्ट तिला त्यानेच सांगावी असं आमचं ठरलंय.