पट्टा सोडण्याआधी

शिरूर-दौंडकडे नवं पिल्लू घरात आलं की महिन्याभरात प्रश्न येतो, "हे मोकळं कधी सोडायचं?" शेतकऱ्याला ते राखणीला हवं असतं, रांजणगावच्या सोसायटीतल्या लॅब्रॅडॉरवाल्याला रविवारी माळावर पळवायला. कुत्री शिकवणं हा माझा धंदा, आणि दोघांना माझं उत्तर एकच असतं. हाकेला येणं पक्कं झालं की सोडा. पण कुठं नि केव्हा सोडायचं, हे कुत्र्यावर सोपवू नका.

ही विद्या धनगरवाड्यावर बघावी. तिथलं पिल्लू डोळे उघडतं तेच मेंढरांच्या वासात. कोकरांत लोळतं, जाणत्या कुत्र्यांच्या मागं मागं फिरतं. मेंढराच्या मागं लागायचं नसतं, हे त्याला वेगळं शिकवावं लागत नाही. पिल्लाचं मन तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत सगळ्यात मोकळं असतं. आपण नेमकं तेव्हाच त्याला लसी पुऱ्या व्हायच्यात म्हणून कोंडून ठेवतो. खाली सोडू नका, पण कडेवर घेऊन एसटी, बैल, कोंबड्या, ट्रॅक्टर, सगळं दाखवून आणा.

पुढच्या शिकवणीला महागडं काही लागत नाही. दहा मीटरचा हलका कासरा घ्या आणि तो छातीच्या पट्ट्याला बांधा. गळ्याला बांधलात तर पळत्या कुत्र्याच्या मानेला हिसका बसतो. कासरा जमिनीवर घसटत राहू द्या. पिल्लू वास घेण्यात रमलं की नाव घेऊन एकदाच "ये" म्हणा. मान वळली त्या क्षणी शाबासकी द्या, जवळ आलं की उकडलेल्या कलेजीचा तुकडा. मग पट्ट्याला हात लावा आणि पुन्हा सोडून द्या. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. एरवी गप्प राहून फक्त घरी जाताना हाक मारली, तर "ये" म्हणजे मजा संपली, हे कुत्रं चार दिवसांत ओळखतं. दहा हाकांतल्या नऊ हाकांनंतर त्याला परत खेळायला जाऊ द्या. आणि उशिरा आलं म्हणून फटका तर मुळीच नको. त्याच्या लेखी तो फटका येण्याबद्दल असतो.

आधी नांगरलेलं रिकामं रान, मग लांबून कोंबड्या, मग बांधापलीकडचा कळप, असं बेताबेतानं वाढवा. सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत शिकलेलं कुत्रंही कान बंद करून घेतं. तेव्हा चिडू नका, कासरा पुन्हा बांधा. कारवान आणि पश्मी मात्र मी उघड्या माळावर सोडत नाही. नजरेनं हेरून पाठलाग करण्यासाठीच या जाती पिढ्यान्‌पिढ्या जोपासल्या गेल्या. ससा उठला की हाक मागंच राहते. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य दौंडपासून लांब नाही, आणि तिथला चिंकारा अभयारण्याची हद्द ओळखत नाही. वन्यप्राण्यांच्या शिकारीला १९७२च्या कायद्यानं बंदी आहे. "कुत्र्यानं धरलं, मी काय करू" ही सबब मालकाला सोडवत नाही.

जागेचेही धोके आहेत. शेततळ्याच्या प्लॅस्टिकवर पंजे ठरत नाहीत. पाणी प्यायला उतरलेलं कुत्रं पोहून पोहून दमतं आणि काठाशीच बुडतं. तळ्याला कुंपण नसेल तर निदान गाठी मारलेला जाड दोर आत सोडून ठेवा.

आणि बिबट्या. धनगरी कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो, कारण बिबट्या पहिला गळाच धरतो. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले, तेव्हा माणसांनीही तसे पट्टे गळ्यात घातले. म्हणून उसाच्या कडेला मोकळं फिरणं नको, आणि दिवस कलला की कुठंच नको. ऊसतोड लागली की फड रिकामे होतात, बिबटे जागा बदलतात. कालची निर्धोक वाट आज तशी असेलच असं नाही.

दिवाळीच्या दिवसांत तर सगळ्यात शहाणं कुत्रंही साखळीवरच फिरवा. फटाक्यानं बिथरलेल्या कुत्र्याला ओळखीची हाकही ऐकू येत नाही. शिरूरला हायवे आणि दौंडला रेल्वेचे रूळ गावाला लागूनच आहेत. फटाके थांबले की दोन-तीन दिवस जाऊ द्या, आणि पहिल्या फेरीला कासरा बरोबर ठेवा.