आत्या, तुझ्या वाटणीचा आंबा

पुणे, वैशाख

ती. आत्यास,


परवा तू गाडीत ठेवलेली पेटी काल रात्री उघडली. गवत बाजूला सारलं आणि पुण्याच्या या दोन खोल्यांत तुझं माजघर येऊन बसलं. सहा आंबे तयार झालेत, बाकीच्यांना तीन-चार दिवस लागतील. तयार झालेले वासावर निवडले, दाबून नाही. "दाबून बघतो तो गिऱ्हाईक, देठाशी हुंगून ओळखतो तो बागायतदार," हे मी सातवीत असताना तू अढीपाशी बसून सांगितलं होतंस. ते अजून पाळते.

पहिला आंबा कापला आणि तुझं ताट आठवलं.

देवगडला त्या दिवशी आपण नऊजण जेवायला होतो. विळीवर बसून फोडी तूच केल्यास. कोयी पोरांना वाटल्यास, सालीला राहिलेला गर चमच्याने काढून बाळाला भरवलास. तुझ्या ताटात मात्र एकही फोड नव्हती. मी पुढे केली तर म्हणालीस, "मला बंद आहे गं. फळ म्हणजे काय, साखरच ती." आवाजात तक्रार नव्हती, तेच जास्त लागलं. कलमं लावल्यापासून त्यांना घागरीने पाणी घातलेली बाई, नऊ वर्षांपूर्वी मधुमेह निघाला तेव्हापासून आंबा नुसता हुंगते. डॉक्टरांनी 'गोड कमी करा' एवढंच सांगितलं होतं. त्या यादीत आंबा, केळं, चिकू, फणस तू स्वतःच्या हाताने घातलेस.

आणि त्याच जेवणात कालवणावर भात तू दोनदा घेतलास. चार वाजता चहाबरोबर दोन खारी झाल्या. नातवाने 'ताकदीसाठी' आणलेल्या खोक्यातल्या रसाचा पेलाही रिकामा झाला, कारण त्याच्यावर फळांचं चित्र होतं आणि तो 'औषधासारखा' होता. मी तेव्हा गप्प बसले. सगळ्यांसमोर तुला शिकवणं मला जमत नाही आणि तुला ते रुचतही नाही. म्हणून हे पत्र.

शाळेत मुलांना विज्ञान शिकवते म्हणून असेल, पण तुझा मधुमेह निघाल्यापासून फळं आणि साखर यांवरचं संशोधन हाती लागेल तसं वाचत आले. त्या सगळ्या वाचनातून माझ्याजवळ एकच प्रश्न उरला, आणि तो तुझ्या स्वयंपाकघरातलाच आहे. कशाच्या जागी? आंबा चांगला की वाईट, याला उत्तर नाही. भात, पोळी, शिरा असं सगळं झाल्यावर वर खाल्लेला आंबा वेगळा आणि भाताच्या जागी खाल्लेला आंबा वेगळा. झाड एक, अढी एक, पण पोटात गेल्यावर हिशेब दोन.

दिल्लीत फोर्टिस सी-डॉक नावाचं मधुमेहाचं केंद्र आहे. तिथे डॉ. अनूप मिश्रा यांच्या चमूने आंब्यावरच दोन प्रयोग केले, २०२५ साली ते प्रसिद्ध झाले. पहिल्यात ९५ माणसं होती, काही मधुमेही, काही निरोगी. त्यांना एकदा २५० ग्रॅम आंबा दिला आणि एकदा तितक्याच उष्मांकाचा पांढरा पाव, आणि रक्तातली साखर तपासत राहिले. आंब्याने साखर पावापेक्षा जास्त चढली नाही. दुसऱ्या प्रयोगात ३५ मधुमेही होते. त्यातल्या काहींनी आठ आठवडे सकाळच्या न्याहारीला पावाऐवजी आंबा खाल्ला. त्यांची उपाशीपोटीची साखर उतरली, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती एचबीए१सीसुद्धा उतरली, वजनही थोडं कमी झालं.

आता लगेच सुरी शोधू नकोस. 'पावाऐवजी' हा शब्द पुन्हा वाच. पाव खाऊन वर आंबा कुणी खाल्ला नव्हता. प्रमाण मोजलेलं होतं आणि लक्ष ठेवायला डॉक्टर होते. माणसं थोडी होती. आणि तुला हसू येईल, पण आंबे होते सफेदा, दशहरी, लंगडा. आपल्या हापूसला कुणी विचारलंच नाही! देवगडात हे सांगितलंस तर 'दिल्लीकरांना आंब्यातलं काय कळतं' म्हणून पुढचं कोणी ऐकणार नाही.

मग हापूसचा हिशेब आपणच करू. मध्यम हापूस साधारण २५० ग्रॅमचा. साल आणि कोय काढली की गर राहतो दीडशे ग्रॅमच्या आसपास, आणि त्यात कर्बोदकं, म्हणजे ज्यांची शेवटी साखर होते ती, वीस ते पंचवीस ग्रॅम. तेवढ्याच वजनाचा शिजलेला भात घे. त्यात चाळीसच्या आसपास. तू त्या दिवशी दोनदा वाढून घेतलास, तो भात याहून नक्कीच जास्त होता. भाताला आपण भीत नाही, कारण तो जिभेला गोड लागत नाही. रक्ताला जीभ नसते, आत्या.

आता त्या खोक्यातल्या रसाबद्दल. १९७७ साली इंग्लंडमध्ये एक साधा प्रयोग झाला, तो मी दरवर्षी मुलांना सांगते. दहा निरोगी माणसांना एकदा सफरचंदं खायला दिली, एकदा त्याच सफरचंदांचा लगदा, आणि एकदा रस. साखर तिन्हींत सारखीच, ६० ग्रॅम. सफरचंदं चावून खायला जेवढा वेळ लागला त्याच्या अकराव्या हिश्शात रस पिऊन संपला. रस पिऊन पोट तितकं भरल्यासारखं झालं नाही. रक्तातली साखर तिन्ही वेळी जवळपास तितकीच चढली, पण रसानंतर इन्सुलिन जास्त उसळलं आणि मग साखर होती त्याहून खाली घसरली. सफरचंद चावून खाल्लं तेव्हा ही घसरण झाली नाही. घसरण म्हणजे काय ते तुला वेगळं सांगायला नको. चारला रस पिऊन साडेपाचला 'काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं' म्हणून तू डबा उघडतेस ना, त्याच्यामागे हे असू शकतं.

लगदा या दोघांच्या मधे पडला, आणि इथे तू विचारणार, आमरसाचं काय? आमरस म्हणजे लगदाच. त्यात वाटीभर साखर आणि वर तूप घालायची आपली पद्धत, शिवाय पुरीबरोबर तो किती वाट्या जातो हे कुणी मोजत नाही. पण विज्ञान सरळ रेषेत चालत नाही हेही सांगते. प्लायमाउथ विद्यापीठात २०१७ साली बिया असलेली फळं मिक्सरमधून काढून निरोगी तरुणांना दिली, तर साखर उलट कमी चढली. बिया भरडल्या गेल्याने त्यातला चोथा आणि स्निग्धांश मोकळा होतो म्हणून असं घडलं असावं, असा त्यांचा अंदाज आहे. हापूसची कोय काही मिक्सरमध्ये जात नाही, तेव्हा आपल्यासाठी फोडच बरी. आणि त्या रसाच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत जे लिहिलेलं असतं, 'शंभर टक्के फळांचा रस', तो दावा काढून टाका असं आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, एफएसएसएआयने, जून २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं. नातवाला रागावू नकोस. त्याने प्रेमाने आणलं.

तू म्हणशील, हे सगळे आठ आठवड्यांचे आणि एका दुपारचे खेळ. मी नऊ वर्षं मधुमेह काढलाय, पुढच्या दहा वर्षांचं बोल. त्यासाठी चीनमध्ये जावं लागतं. तिथे पाच लाखांहून जास्त माणसांची नावं नोंदवून त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं आहे. शहरं आहेत, खेडी आहेत, एकूण दहा भाग. २०१७ साली त्यांनी मधुमेह आणि ताज्या फळांचा हिशेब मांडला. पहिली गोष्ट अशी की ज्यांना मधुमेह आहे हे आधीच कळलं होतं, त्यांच्यात फळं अजिबात न खाणाऱ्यांचं प्रमाण इतरांच्या सुमारे तिप्पट होतं. म्हणजे तुझी बहीण चीनमध्येही आहे! दुसरी गोष्ट, मधुमेह असूनही जे आठवड्यात तीनपेक्षा जास्त दिवस ताजी फळं खात होते, त्यांच्यात त्या काळात मृत्यूचं प्रमाण १७ टक्के कमी दिसलं. डोळे, मूत्रपिंडं, हृदय यांच्या गुंतागुंतीही कमी दिसल्या.

अमेरिकेत हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ साली १ लाख ८७ हजार परिचारिका आणि आरोग्य क्षेत्रातल्या माणसांच्या नोंदी तपासल्या. मधुमेह कुणाला होतो आणि कुणाला नाही, हे त्यांना बघायचं होतं. द्राक्षं, सफरचंद, केळं अख्खी खाणाऱ्यांमध्ये धोका थोडा कमी, फळांचा रस पिणाऱ्यांमध्ये थोडा जास्त. सगळीच फळं सारखी नव्हती. खरबुजाचा आकडा उलट्या बाजूला गेला. आणि आठवड्यातले तीन पेले रस काढून त्या जागी अख्खं फळ ठेवलं तर धोका सात टक्क्यांनी घटेल, असा त्यांचा हिशेब निघाला. बघ, इथेही प्रश्न तोच आहे.

माझ्या वर्गातला एक पोरगा असतो, दरवर्षी वेगळा, पण असतोच. तो उठून विचारतो, "बाई, फळं खाणारे लोक चालायलाही जात असतील, तंबाखू कमी खात असतील, पैसेही बरे असतील. मग गुण फळाचा की पैशाचा?" हाच खरा प्रश्न आहे. संशोधक या गोष्टी हिशेबातून वजा करायचा प्रयत्न करतात, पण सगळ्या कधीच वजा होत नाहीत. म्हणून फळाने आयुष्य वाढतं अशी हमी मी तुला देत नाही. मी एवढंच म्हणते, की फळं सोडलेल्यांचं भलं झालं असं काही या आकड्यांत दिसत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जे नवं ताट आखून दिलं, त्यात दिवसाला शंभर ग्रॅम फळ आहे. शंभर ग्रॅम म्हणजे हापूसच्या दोन फोडी. मला वाटतं नऊ वर्षांत तू तेवढाही खाल्ला नाहीस.

आता एक उलटी गोष्ट. ज्या फळाला भ्यायला हवं त्याला तू भीत नाहीस. परसातलं पपनस. 'आंबट आहे, साखर नाही' म्हणून तू ते मीठ लावून आवडीने खातेस. १९८९ साली कॅनडात डेव्हिड बेली नावाचे शास्त्रज्ञ रक्तदाबाच्या गोळीवर दारूचा काय परिणाम होतो ते तपासत होते. दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि रक्तात औषध भलतंच वाढलेलं दिसलं. दोष दारूचा नव्हता, रसाचा होता. आतड्यात औषधाला आवर घालणारी एक यंत्रणा असते, तिलाच तो रस बंद पाडतो. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि संत्र्याच्या संकरातून आलेलं फळ, आणि तीच द्रव्यं पपनसातही असतात. रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या सगळ्याच गोळ्यांचं असं होत नाही, काहींचंच होतं. म्हणून पुढच्या खेपेला गोळ्यांची पाकिटं दवाखान्यात घेऊन जा आणि नेमकं 'पपनस चालेल का' असं विचार. आणि शेजारच्या काकूंच्या मूत्रपिंडांचा त्रास वाढलाय म्हणालीस, त्यांना कमरख देऊ नकोस, ते पाच धारांचं, कापलं की चांदणी दिसणारं फळ. मूत्रपिंडं अधू असताना त्यातलं विष शरीरातून बाहेर पडत नाही आणि मेंदूवर जातं.

आणि ती जांभळाच्या बियांची पूड. फोनवर तिचे निरोप फिरतात ते मलाही येतात. जांभूळ खा, खुशाल खा, जीभ जांभळी होईपर्यंत खा. पण पुडीवर विसंबून गोळी चुकवलीस तर मी खरंच भांडेन.

तर माझं म्हणणं असं. शाळेला सुट्टी आहे, मी शनिवारी येते. पहिल्या दिवशी तू नेहमीसारखी जेव. पहिल्या घासापासून दोन तासांनी तुझ्याच यंत्रावर बोटाला टोचून आकडा बघू आणि कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवू. दुसऱ्या दिवशी भात निम्मा, कालवण आणि भाजी तितकीच, आणि दोन फोडी. चावून, सावकाश, जेवणाबरोबर. पुन्हा दोन तासांनी आकडा. गोळ्यांना हात लावायचा नाही, आणि दोन्ही आकडे डॉक्टरांना दाखवायचे. माझं चुकलं असेल तर यंत्र सांगेल, मग मी वर्षभर आंब्याचं नाव काढणार नाही. यंत्र ना तुझ्या बाजूचं, ना माझ्या.

पेटीतले बाकीचे आंबे आज सकाळी पुन्हा हुंगून बघितले. तळाशी एक आहे, देठाजवळ अजून हिरवट. शनिवारपर्यंत बरोबर होईल. तो गवतात गुंडाळून बाजूला ठेवला आहे, येताना घेऊन येते. पुण्याहून देवगडला आंबा घेऊन जाणारी मी पहिलीच असेन. वाडीतले हसतील. हसू देत. तू नऊ वर्षं सगळ्यांना वाटलेस, एक तुझ्या वाटणीचा.

भात त्या दिवशी मी वाढीन.

तुझी भाची