अ‍ॅपगारबाईंचे दहा गुण

व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांना सर्जन व्हायचं होतं. 1933 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या, हातही तयार होता. पण दिवस मंदीचे. बाई सर्जनकडे रुग्ण येणार कुठून, या विचारानं प्रमुख अ‍ॅलन व्हिपल यांनी त्यांना भूलशास्त्राकडे वळवलं. तेव्हा तिथे भूल देणं हे बहुतांशी परिचारिकांचं काम होतं. विस्कॉन्सिनला राल्फ वॉटर्स यांच्याकडे शिकून बाई परतल्या, 1938 पासून त्यांनी कोलंबियात भूलविभाग उभा केला. 1949 मध्ये त्या तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. विभागप्रमुखपद मात्र दुसऱ्याला मिळालं, आणि त्या प्रसूतिकक्षाकडे वळल्या.

मीही भूलतज्ज्ञ आहे. सिझेरियनच्या वेळी आईच्या उशाशी उभी असते तेव्हा माझी नजर मॉनिटरवर असते आणि कान बाळाकडे. रडू यायला जरा वेळ लागला की सगळं थिएटर गप्प होतं. मग बालरोगतज्ज्ञ सांगतात, “एका मिनिटाला आठ, पाचला नऊ,” आणि माझा जीव भांड्यात पडतो.

हे गुण अ‍ॅपगारबाईंचे. नवजात बाळाची तब्येत जोखायची कशी, असं एका विद्यार्थ्यानं न्याहारीच्या वेळी विचारलं, तेव्हा त्यांनी तिथेच पाच गोष्टी लिहून दिल्या: हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा जोर, डिवचल्यावरची प्रतिक्रिया, रंग. प्रत्येकीला 0, 1 किंवा 2. 1953 मध्ये ही पद्धत छापून आली.

पण त्यांचं पुढचं संशोधन मला याहून मोठं वाटतं. जन्मताना बाळाला प्राणवायू कमी पडणं स्वाभाविकच, असा तेव्हा समज होता. डंकन होलाडे आणि स्टॅनली जेम्स यांच्यासोबत बाईंनी बाळांचं रक्त तपासलं. कमी गुणांच्या बाळांच्या रक्तात प्राणवायू कमी आणि आम्ल जास्त निघालं. शिवाय, ज्या आयांना सायक्लोप्रोपेन दिला होता त्यांची बाळं अधिक मलूल असल्याचं दिसलं. हा बाईंचा आवडता भुलीचा वायू. त्यांनी प्रसूतीसाठी तो वापरणं सोडलं. रोज आपल्याच हातानं दिलेल्या औषधाविरुद्ध पुरावा गोळा करायला आणि तो मानायला फार मोठं मन लागतं.

तुमच्या घरच्या बाळाच्या कागदावर हे गुण लिहिलेले असतील तर जरूर बघा. हातपाय सुरुवातीला निळसर असतात, म्हणून पहिल्या मिनिटाला पूर्ण दहा क्वचितच मिळतात. आणि आकडा कमी दिसला तर घाबरू नका. त्या क्षणी बाळाला किती मदत हवी होती एवढंच तो सांगतो, पुढची बुद्धी किंवा आयुष्य त्यावरून ठरत नाही.