आरसी बुक कुणाच्या नावावर?

आधीच सांगून टाकतो, दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये होतो. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा सगळा हिशोब मॅगझिनच्या संपादकांकडे उधार. पण हा लेख इंग्रजी विभागात द्यायचा नव्हता, कारण यातलं भांडण घरातलं आहे आणि ते मराठीतच झालं.

झालं असं, की सेकंड इयरला असताना मी एका दहावीच्या मुलाची गणिताची शिकवणी घेतली. तीन महिन्यांचे पैसे साठले, त्यातून अडीच हजारांचा एक कॉम्प्युटर गेम विकत घेतला. ही बातमी विंगमध्ये पसरली तेव्हा लोक मला बघायला आले. "विकत? पैसे देऊन?" रूम पार्टनरने तर कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. त्याच्याकडे तोच गेम होता. पेन ड्राइव्हवरून आलेला, क्रॅक केलेला, किंमत शून्य.

मी म्हटलं, ज्यांनी वर्षानुवर्षं खपून तो बनवला त्यांना पैसे मिळायला नकोत? उद्या आपणही कोड लिहूनच पोट भरणार ना? भाषण झकास झालं. टाळ्यापण पडल्या.

मग सबमिशन संपली, पीएल लागली आणि हॉस्टेलचं नेट गेलं. चार दिवस! माझा गेम एकट्यानेच खेळायचा, त्यात नेटचं कामच नाही. तरी सुरू करताना तो कंपनीच्या सर्व्हरला विचारणार, 'हा माणूस आपलाच का?' तिकडून होकार आला नाही की स्क्रीनवर एक चौकोन, 'नंतर प्रयत्न करा'. (हॉटस्पॉट नावाची गोष्ट असते, हे मलाही ठाऊक आहे. आमच्या विंगला रेंज जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येते.) शेजारच्या पलंगावर पार्टनर मात्र मजेत खेळतोय, कारण त्याच्या कॉपीतला तो चौकशी करणारा भागच कुणीतरी काढून टाकलेला. म्हणजे पैसे देऊन आलेला दाराबाहेर उभा आणि खिडकीतून शिरलेला पंगतीत बसलेला!

पण ते हसण्यावारी गेलं. खरी गोष्ट भाऊबीजेची.

आमच्या घरात वस्तू पुढे जातात. चुलतभावाची सायकल मला मिळाली, माझी धाकट्या बहिणीला. हॉस्टेलमध्येही तेच. माझ्या ड्राफ्टरवर तीन सीनियर्सची नावं कर्कटकाने कोरलेली आहेत, चौथं माझं. तर गेम माझा खेळून संपला होता आणि धाकटी महिनाभर फोनवर तेवढंच विचारत होती. तिला ओवाळणीत तोच घालायचं ठरवलं. ताटात चिठ्ठी टाकली, 'गेम आजपासून तुझा'. मग लॅपटॉप उघडून बसलो, तेव्हा कळलं की देताच येत नाही. तसं बटणच नाही. माझ्या अकाउंटवरचा गेम दुसऱ्याच्या नावावर होत नाही आणि अख्खं अकाउंट द्यायला अटींमध्ये मनाई. पासवर्ड सांगून भागलं असतं, पण ती भेट कसली, उसनवारीच.

धाकटी म्हणाली, "दादा, मग तू विकत काय आणलंस?"

मला उत्तर सुचेना. बाबा पेपर वाचत होते. त्यांच्याकडे १९९८ ची बजाज स्कूटर आहे आणि तिचं आरसी बुक अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत कपाटात ठेवलेलं आहे. पेपरातून डोकं न काढता त्यांनी विचारलं, "आरसी बुक कुणाच्या नावावर आहे ते बघ." मी त्या अटी पहिल्यांदाच नीट वाचल्या. विक्री नाही, वापरण्याचा परवाना, आणि तो कंपनी मागे घेऊ शकते. "मग भाड्याची गाडी आहे ती," बाबा म्हणाले. "भाडं तू एकदम भरलंस, एवढंच."

धाकटी काही बोलली नाही. चिठ्ठी तिने घडी करून परत माझ्या हातात दिली. हे मला जास्त लागलं.

त्या रात्री जिद्दीने वाचत बसलो. २००८ साली 'स्पोर' आला तेव्हा विकत घेणाऱ्याला तो तीनच कॉम्प्युटरवर चालू करता यायचा. आरडाओरडा झाल्यावर तीनाचे पाच केले. २०१० मध्ये 'असॅसिन्स क्रीड २' च्या पीसी कॉपीला सतत नेट लागायचं, लाइन तुटली की खेळ जागीच थांबायचा. पण कळस म्हणजे 'द क्रू'. डिसेंबर २०१४ चा गेम, अख्ख्या अमेरिकेत गाडी पळवायची. एकट्याने खेळायची कथा त्यात होती, तरी सर्व्हरशिवाय पान हलत नसे. ३१ मार्च २०२४ ला यूबिसॉफ्टने सर्व्हर बंद केले आणि एप्रिलमध्ये लोकांच्या अकाउंटवरचे परवानेही काढून घेतले. ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांच्या हातात नुसती तबकडी राहिली. त्यावरून रॉस स्कॉट नावाच्या यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम काढली. मागणी एवढीच, की दुकान बंद करा, पण विकलेला माल चालू स्थितीत सोडून जा. २०२५ च्या जुलैमध्ये युरोपातल्या त्यांच्या अर्जावर दहा लाखांच्या वर सह्या झाल्या होत्या. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे. नुसता परवाना देत असाल, तर ते ग्राहकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय 'खरेदी करा' असं लिहायचं नाही. बाबांचाच प्रश्न, फक्त वकिलाच्या भाषेत.

कंपन्यांचं दुखणं मला कळतं. चोरी होतेच, आमच्या विंगमध्ये तर राजरोस होते. चुलतभावाच्या कॉम्प्युटरवर मी लहानपणी जो 'रोड रॅश' खेळलो तोही कुणी विकत घेतलेला नव्हता, नुसता फोल्डर कॉपी व्हायचा. पण कुलूप असं लावलंय, की चोराला ते दिसतसुद्धा नाही आणि किल्ली घेणाराच अडकतो. ही इंजिनिअरिंगची चूक आहे, नीतीची पुढचं पुढे.

कुलूप न लावणारी दुकानंही आहेत. जीओजी २००८ पासून तसेच गेम देतं. कागदावर तिथेही परवानाच, पण इन्स्टॉल करायची फाइल आपल्या हातात येते, ती कुणी परत नेऊ शकत नाही. पुढच्या शिकवणीच्या पैशांतून तिथला एक जुना गेम धाकटीला भेट म्हणून घेतला. फाइल पेन ड्राइव्हवर घातली, त्यावर मार्करने तिचं नाव लिहिलं आणि सुट्टीत घरी नेली.

तिने गेम टाकला आणि सुरू करायच्या आधी उठून राउटरची पिन उपटली. गेम सुरू झाला. हॉलमधून बाबा ओरडले, त्यांची मॅच चालू होती.