नाव नसलेली मुलगी

पुष्कळ लिहिणाऱ्या लेखकांविषयी माझ्या मनात एक अढी होती. इतके लिहायचे म्हणजे मनापासूनचे त्यात असे कितीसे असणार? पर्ल बक या अमेरिकन कादंबरीकर्तीकडेही मी याच नजरेने पाही. बाईंची सत्तरांहून अधिक पुस्तके! एक नाव पुरेना म्हणून की काय, ‘जॉन सेजेस’ या पुरुषी टोपणनावानेही पाच कादंबऱ्या! १९३८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा अमेरिकेतल्याच साहित्यिकांनी नाके मुरडली होती. मग मी तर साधा वाचक!

ही अढी सुटली ती एका दिवाळीच्या सुटीत, ‘द गुड अर्थ’ पुन्हा वाचताना. १९३१ सालच्या या कादंबरीने वांग लुंग हा चिनी शेतकरी जगभर पोचवला. त्याची थोरली मुलगी मंदबुद्धी. उन्हात बसायचे, चिंधीशी चाळा करायचा आणि हसायचे, एवढेच तिचे आयुष्य. लेखिकेने तिला नावसुद्धा दिलेले नाही. आपल्यामागे हिचे कोण, या काळजीने म्हातारा वांग लुंग तिच्यासाठी विषाची पुडी राखून ठेवतो. पहिल्या वाचनात ते पान मी सहज उलटले होते.

पुढे कळले, की बाईंची लेक कॅरल अशीच होती. १९२० साली चीनमध्ये जन्मलेली. आज हा दोष तान्हेपणीच ओळखता येतो, आहाराने आवरता येतो. त्या काळी वैद्यकाला त्याचे नावही ठाऊक नव्हते. १९२९ साली तिला न्यू जर्सीतल्या व्हाइनलंडच्या संस्थेत ठेवून आई चीनला परतली. संस्थेचा खर्च मिशनच्या पगारात भागण्यासारखा नव्हता. नानकिंगच्या घरात माळ्यावर बसून बाईंनी लेखणी चालवली, ती या काळजीपोटी. लेकीची हकीकत उघडपणे लिहायला मात्र १९५० साल उजाडले.

बाई १९७३ साली वारल्या. लेक त्यानंतर एकोणीस वर्षे जगली. तिची आयुष्यभराची सोय आईने केव्हाच करून ठेवली होती. पुडीची गरज पडली नाही.

आमची आई दिवाळीआधी महिनाभर लोकांच्या चकल्या पाडून देई. ‘पुरे की आता!’ म्हणून आम्ही वैतागत असू. आमच्या शाळेची फी त्यातून जाते, हे आम्हांला फार उशिरा कळले.