हिरडीच्या आड

नऊ-दहा वर्षांची पॉमेरेनियन दवाखान्यात येते ती बरेचदा शिंकांची तक्रार घेऊन. एकाच नाकपुडीतून पाणी वाहतं, मध्येच रक्ताचा ठिपका दिसतो. सर्दीची औषधं देऊन झालेली असतात. चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा शिंका सुरू. मग कोणीतरी तिचा वरचा ओठ उचलून पाहतं. सुळ्याच्या आतल्या बाजूची हिरडी दाताला सोडून गेलेली असते आणि मुळालगत थेट नाकात उघडणारं भोक पडलेलं असतं. कुत्र्याच्या सुळ्याचा दिसतो त्यापेक्षा मोठा भाग हाडात गाडलेला असतो. त्या मुळाच्या आणि नाकाच्या पोकळीच्या मध्ये हाडाचा जेमतेम पापुद्रा. हिरडीखालच्या जंतुसंसर्गाने तो विरघळला, की खाल्लेल्या अन्नाचे कण नाकात शिरतात. सुळा काढून ते भोक शिवल्याशिवाय ही ‘सर्दी’ जात नाही.

‘पण जेवण तर व्यवस्थित आहे हो, डॉक्टर!’ हे वाक्य प्रत्येक पशुवैद्याने ऐकलेलं आहे, आणि ते खरंही असतं. दात दुखतो म्हणून कुत्री-मांजरं सहसा उपाशी राहत नाहीत. ती एका बाजूने चावतात, कोरडं खाणं तोंडातून सांडतात, आवडतं खेळणं सोडून देतात, तोंडाला हात लावू देत नाहीत. मांजर भुकेनं ताटलीपाशी येतं, एक घास घेतं आणि फिस्कारून पळतं. घरचे म्हणतात, वय झालं. तोंडाचा वास तर कोणी तक्रारीत धरतच नाही. कुत्रा म्हटला की वास यायचाच, असं पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलंय. निरोगी कुत्र्याच्या तोंडाला दुर्गंधी येत नाही.

मोठ्या कुत्र्याला 42 दात, मांजराला 30. माणसाला छळणारी कीड त्यांच्यात क्वचित लागते. कुत्र्याची लाळ आपल्यापेक्षा अल्कधर्मी असते आणि दातही बहुतेक टोकदार, खाचाखळगे कमी असलेले. पण तीच लाळ दुसरीकडे नडते. दातावर साचलेला जंतूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक, तिच्यातल्या क्षारांमुळे दोन-तीन दिवसांतच घट्ट होऊ लागतो आणि त्याचा टार्टर बनतो. वरच्या मोठ्या दाढेसमोर लाळेची नलिका उघडते, म्हणून पिवळा-तपकिरी थर आधी तिथे चढतो. पण डोळ्यांना दिसणाऱ्या टार्टरपेक्षा हिरडीच्या आडचा प्लाक घातक. जंतू आणि त्यांच्याशी झुंजणारी शरीराची सूज, दोघं मिळून दाताला धरून ठेवणारं हाड खात जातात. तिसरं वर्ष सरेपर्यंत बहुतेक कुत्र्यांमध्ये याची सुरुवात झालेली असते.

लहान चणीच्या जातींना याचा मार जास्त बसतो. जबडा इवलासा, दात मात्र तेवढेच. शित्झू, पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर यांचे दुधाचे सुळे पुष्कळदा पडत नाहीत आणि दोन सुळे शेजारी-शेजारी दिसतात. मालकांना त्याचं कौतुक वाटतं! पण त्या दोघांच्या फटीत घाण साचते आणि नवा दात वाकडा बसतो, म्हणून दुधाचा सुळा काढून टाकावा. म्हाताऱ्या, छोट्या कुत्र्याचा खालचा जबडा तर इतका पोखरला जाऊ शकतो, की सोफ्यावरून उडी मारण्याचं निमित्त होऊन तो मोडतो.

मटणाच्या हाडाबद्दल सांगायलाच हवं. हाड चघळल्याने टार्टर काहीसा खरवडला जातो, हे खरं. पण वरच्या मोठ्या दाढेचा टवका त्याच हाडावर उडतो. आतली नस उघडी पडते, मुळाशी पू होतो आणि काही महिन्यांनी डोळ्याखाली गाठ येते. गांधीलमाशी चावली असेल म्हणून ती दुर्लक्षिली जाते. फुटते, भरते, पुन्हा येते. नखाने दाबून जी वस्तू जराही दबत नाही, ती कुत्र्याला चघळायला देऊ नये. वाळलेली शिंगं आणि खूरही त्यातच आले.

सशाचं गणित निराळं. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात. चारा चावूनच ते झिजतात. गाजर आणि दाणे यांवर ठेवलेल्या सशाच्या दाढांना टोकं येऊन जीभ आणि गाल फाटतात. त्याला ब्रश नको, दिवसभर सुकं गवत हवं.

कुत्र्या-मांजरांना मात्र ब्रशला पर्याय नाही, आणि तो रोज हवा. आठवड्यातून एकदा केलेल्या ब्रशने हाती काही लागत नाही, कारण तोवर प्लाकचा दगड झालेला असतो. पिल्लू असतानाच सवय लावावी. पहिले काही दिवस ओठाखाली नुसतं बोट फिरवायचं, मग बोटावर पेस्ट, मग लहान मुलांचा मऊ ब्रश. दातांची बाहेरची बाजू घासली तरी पुष्कळ झालं. पेस्ट मात्र प्राण्यांचीच घ्या. माणसांच्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं; त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने घसरते, यकृतही निकामी होऊ शकतं.

ग्रूमिंगवाल्यांकडे हल्ली ‘भूल न देता दात साफ’ असा सौदा मिळतो. माझ्या मते ते पैसे वाया जातात. जागा असलेला कुत्रा हिरडीखाली अवजार घालू देत नाही, मग दिसणारा भाग तेवढा चकचकीत होतो आणि आजार आत तसाच चालू राहतो. खरी सफाई भूल देऊन, श्वासनलिकेत नळी घालून आणि शक्य तिथे दातांचे एक्स-रे काढून होते. मांजरांत तर एक्स-रे हवाच. त्यांच्या दातांची मुळं आतल्या आत विरघळण्याचा आजार बाहेरून पुष्कळदा दिसत नाही. भुलीची भीती रास्त आहे, पण आधी रक्ततपासणी करून वयस्क प्राण्यांनाही ती देता येते.

वर्षाची लस टोचायला जाल, तेव्हा डॉक्टरांना ओठ उचलून दात पाहायला सांगा. लहान चणीच्या कुत्र्यासाठी मात्र वर्षभर थांबू नका, दर सहा महिन्यांनी दाखवा.